वर्गणी, हिशोब आणि सत्कार : रोटरी क्लबच्या इतिहासातून काही धडे

स्मरणिका समितीची पोरं घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहून द्या." मी काही प्राध्यापक नाही. शाळा लवकर सुटली, उमेदीची सगळी वर्षे गिरणीत गेली. जे काही वाचले ते रातपाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. तेव्हा भाषेत काही चूकभूल असेल तर वाचकांनी ती पोटात घालावी, ही विनंती.

चळवळीच्या इतिहासावर माझ्यापेक्षा जाणकार मंडळी लिहितच आहेत. मी मुद्दाम थोडा वेगळा विषय घेतला आहे. त्याला कारण घडले ते आपल्या विहाराच्या ओट्यावर.

पोलिओचा रविवार आपल्या सगळ्यांना आठवत असेल. ओट्यावर टेबल मांडायचे, थंड डबा ठेवायचा आणि वस्तीतल्या आयाबाया पोरांना कडेवर घेऊन यायच्या. एका वर्षी टेबलामागच्या भिंतीवर एक कापडी फलक लावला होता. त्यावर एक पिवळे चाक. एका पोराने मला विचारले, "काका, हे आपलं धम्मचक्र आहे काय?" मी म्हटलं, "नाही रे, हे गिरणीतलं गिअर दिसतंय. कुठल्यातरी मशिनरीवाल्याची जाहिरात असेल." पोरगं चुकलं आणि मीही चुकलो. ती रोटरी क्लबची खूण होती. अशोकचक्राला २४ आरे असतात आणि रोटरीच्या चाकाला २४ दाते, हा निव्वळ योगायोग. पण मला प्रश्न पडला, की कोटटाय घातलेल्या लोकांचा हा क्लब आपल्या वस्तीतल्या ओट्यावर कसा काय आला? त्याचा शोध घेता घेता जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो. आपणही मंडळे चालवतो, वर्गणी काढतो, सत्कार करतो. म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा आहे.

चार माणसे आणि एक खोली

अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचे एक वकील होते. जन्म १८६८ चा. आजी-आजोबांनी वाढवले. वकिलीची परीक्षा पास झाल्यावर काही वर्षे ते गावोगाव भटकले, मिळेल ती नोकरी केली आणि १८९६ साली शिकागोत स्थिरावले. शहर मोठे, पण ओळखीचे कोणी नाही. खेड्यातून मुंबईला आलेल्या आपल्या बापजाद्यांना जसे एकटे वाटले असेल, तसेच त्यांना वाटत होते. फरक एवढाच, की आपल्या माणसांना गाववाल्यांची खोली होती आणि ह्या वकिलाला तीही नव्हती.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी संध्याकाळी चार माणसे एका कचेरीत जमली. एक वकील हॅरिस स्वतः, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीचा इंजिनियर आणि एक शिंपीकामाचा धंदा करणारा. दर वेळी सभा नव्या सभासदाच्या जागी भरवायची असे ठरले. आज ह्याच्याकडे, पुढच्या वेळी त्याच्याकडे. आपल्या बायकांची भिशी फिरते तशी. ह्या फिरण्यावरूनच 'रोटरी' हे नाव पडले.

आता एक गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे. हा क्लब सुरुवातीला समाजसेवेसाठी काढलेला नव्हता. ओळखी व्हाव्यात आणि एकमेकांचा धंदा वाढावा, हा हेतू होता. कोणी कोणाला किती गिऱ्हाईक दिले ह्याची नोंद ठेवायला एक माणूसही नेमलेला होता. १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या एका वकिलाला सभासद व्हायला सांगितले. ते म्हणाले, की क्लबच्या बाहेरच्या माणसाचे काहीच भले होत नसेल, तर असल्या क्लबात मी कशाला येऊ? हा सवाल हॅरिसना लागला आणि तिथून क्लबचे वळण बदलले. संस्थेला शहाणपण सुचले ते बाहेरच्या माणसाने तोंडावर विचारल्यामुळे. आपल्या मंडळाला कोणी असे विचारले तर आपण त्याच्याशी भांडायला उठतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या चाकाचीही एक गोष्ट आहे. पहिली खूण बैलगाडीच्या चाकासारखी साधी होती. १९२० च्या दशकात दातेरी चाक घेतले. तेव्हा इंजिनियर लोकांनी हरकत घेतली, की मधल्या भोकाला चावी बसवायची खाच नाही, त्यामुळे हे चाक शाफ्टवर नुसते गरगर फिरेल, ताकद पुढे जाणार नाही. मग ती खाच पाडण्यात आली. गिरणीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. चाक फिरते आहे एवढ्याने कापड निघत नाही. शाफ्टची ताकद चाकात उतरली पाहिजे.

पहिले मोठे काम : संडास

ह्या क्लबने हाती घेतलेले पहिले मोठे सार्वजनिक काम कोणते? पुतळा नाही, बाग नाही. सार्वजनिक संडास!

हसू नका. ज्याने चाळीत दिवस काढले त्याला ह्या गोष्टीचे मोल कळेल. सकाळी भोंगा व्हायच्या आत टमरेल घेऊन रांगेत उभे राहिलेली माणसे आपण बघितली आहेत. आपणही त्यांच्यात होतो. बायकांचे हाल तर बोलायलाच नकोत. त्यांना अंधार पडायची वाट बघावी लागे.

त्या काळी शिकागोच्या बाजारपेठेत हजारो माणसे कामाला येत, पण सार्वजनिक सोय नव्हती. पुरुषांनी दारूच्या गुत्त्यात जायचे, म्हणजे एक ग्लास बियर घेणे आले. बायकांनी मोठ्या दुकानात जायचे, म्हणजे काहीतरी खरेदी आली. १९०७ च्या सुमारास रोटरीने शहरातील इतर संस्थांना सोबत घेतले आणि नगरपालिकेकडे मागणी केली, की शहराने स्वतःच्या खर्चाने सोय करावी. ह्याला विरोध कोणी केला माहीत आहे? बियर बनवणाऱ्यांच्या संघटनेने आणि मोठ्या दुकानदारांनी! त्यांचे म्हणणे, आमच्याकडे सोय आहे की, मग वेगळी कशाला? लोकांच्या अडचणीवर त्यांचे गिऱ्हाईक अवलंबून होते. पण रेटा चालूच राहिला आणि १९०९ साली शिकागोच्या सिटी हॉलजवळ सार्वजनिक सोय झाली.

येथे एक मुद्दा नीट बघा. क्लबकडे व्यापारी होते, पैसा होता. स्वतः चार संडास बांधून त्यावर देणगीदारांची नावे कोरता आली असती. ते त्यांनी केले नाही. जे काम नगरपालिकेचे आहे ते तिच्याकडूनच करून घेतले. माझ्या मते ह्या क्लबच्या इतिहासातला हा सर्वात मोठा धडा आहे. दान केलेली वस्तू मोडली की देणाऱ्याची पुन्हा विनवणी करावी लागते. नगरपालिकेने बांधलेली वस्तू मोडली, तर नागरिक म्हणून जाब विचारता येतो.

साडेसव्वीस डॉलर

आता पैशाकडे येऊ. १९१७ साली रोटरीचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी अटलांटा येथील अधिवेशनात सूचना मांडली, की जगात काही चांगले काम करण्यासाठी एक कायमचा निधी उभारावा. टाळ्या पडल्या असतील, पण पैसे काही पडले नाहीत. पहिली देणगी आली ती १९१८ साली. कॅन्सस सिटीच्या क्लबने अधिवेशन भरवले होते, त्याच्या खर्चातून काही रक्कम उरली. ती त्यांनी निधीला दिली. किती? फक्त २६ डॉलर ५० सेंट.

आपल्याकडे जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशाचे काय होते, हे मी लिहीत नाही. ज्याचे त्याने आठवावे. त्या लोकांनी उरलेल्या रकमेचा हिशोब केला आणि ती पुढच्या कामाला लावली, म्हणून आज शंभर वर्षांनंतरही तिची नोंद सापडते.

दहा वर्षांनी, १९२८ साली, हा निधी पाच हजार डॉलरच्या थोडा वर गेला होता. म्हणजे सुरुवात काही फार जोरात नव्हती. पहिला मोठा खर्च १९३० साली झाला. ५०० डॉलर अपंग मुलांच्या संस्थेला दिले गेले. ती संस्था एडगर अॅलन नावाच्या ओहायो राज्यातील एका गृहस्थांनी उभारली होती. १९०७ साली ट्रामच्या अपघातात त्यांचा मुलगा गेला. गावात धड इस्पितळ नव्हते. बापाने धंदा बाजूला ठेवला आणि वर्गणी जमवून इस्पितळ उभे केले. तेथे काम करताना त्यांना दिसले, की अपंग मुलांना आईबाप घरात लपवून ठेवतात. मग १९१९ पासून त्यांनी अशा मुलांसाठी संस्था बांधली आणि रोटरीचे क्लब तिच्या मागे उभे राहिले. पुढे १९३४ पासून ह्या संस्थेने ईस्टरच्या सणाला पाकिटावर चिकटवायची छोटी तिकिटे विकून पैसा उभा केला. आपण एक एक रुपयाची कुपने फाडतो, त्याच जातीचा प्रकार.

हॅरिस २७ जानेवारी १९४७ रोजी वारले. त्यांच्या आठवणीसाठी देणग्या आल्या आणि दीड वर्षात १३ लाख डॉलर जमले. त्यांतून पुतळे उभारण्याऐवजी विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. पहिल्या वर्षी १८ विद्यार्थी निवडले गेले.

क्लबांची पैसे जमवायची रीतही गमतीची आहे. सभेला उशीर झाला, दंड. कोटावर बिल्ला लावायला विसरला, दंड. घरी आनंदाची गोष्ट घडली, तर ती उभे राहून सांगायची आणि खुशीने डब्यात पैसे टाकायचे. गावच्या लोकांना नाश्त्याला बोलवायचे, तिकीट लावायचे, वस्तूंचा लिलाव करायचा. म्हणजे जेवणखाण आणि हसणेखिदळणे चालू असतानाच पेटीत भर पडत राहते. आणखी एक नियम मला फार आवडला. क्लबचा अध्यक्ष एका वर्षाचा. १ जुलै आला की खुर्ची दुसऱ्याकडे. किती का मोठा असेना, वर्ष संपले की साधा सभासद. आपल्याकडे एकदा अध्यक्ष झालेला माणूस फोटोला हार पडेपर्यंत अध्यक्षच राहतो.

दार कोणाला उघडे?

एवढे वाचून कोणाला वाटेल, की हा गिरणी कामगार शेटजींच्या क्लबची आरती करायला लागला. तसे नाही. दुसरी बाजूही सांगतो.

रोटरीत एक तत्त्व होते, की प्रत्येक धंद्याचा एक प्रतिनिधी घ्यायचा. ऐकायला हे फार लोकशाहीचे वाटते. पण प्रतिनिधी कोण? तर त्या धंद्याचा मालक, भागीदार किंवा वरचा अधिकारी. म्हणजे कापड धंद्याची खुर्ची गिरणीमालकाला. साच्यावर उभा राहणारा माणूस त्या यादीत नव्हताच. भारतात पहिला क्लब कलकत्त्याला १९२० च्या सुमारास सुरू झाला. मुंबईचा क्लब निघाला १९२९ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२८ मध्ये, मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा संप झाला होता. पोरांच्या पोटात अन्न नव्हते. आणि त्याच संपाच्या वेळी बाबासाहेबांनी प्रश्न उभा केला होता, की अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात का घेत नाही? धोट्यातून दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून बाट होतो असे म्हणून आपल्या माणसांना ते जादा पगाराचे खाते बंद होते. मालकाच्या क्लबचे दार कामगाराला बंद, आणि कामगारांतही आपल्याला विणकाम खात्याचे दार बंद. असा तो काळ.

बायकांना तर रोटरीत १९८७ पर्यंत जागाच नव्हती. ही हकिगत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात दुआर्ते नावाचे छोटे गाव. तिथल्या क्लबात सभासद कमी पडले, म्हणून १९७७ साली त्यांनी तीन बायकांना सभासद करून घेतले. वरच्या संघटनेने १९७८ साली त्या क्लबची मान्यताच काढून घेतली. पण गाववाले खमके निघाले. त्यांनी स्वतःला 'एक्स रोटरी' म्हणवून घेत सभा चालूच ठेवल्या आणि कोर्टात गेले. दहा वर्षे भांडले. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बायकांना दार बंद करता येणार नाही. त्याच वर्षी दुआर्ते क्लबच्या अध्यक्ष झाल्या सिल्व्हिया व्हिटलॉक. शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि काळ्या वर्णाच्या. क्लबची अध्यक्ष होणारी जगातली ही पहिली बाई. १९८९ साली रोटरीने सगळ्या जगासाठी नियम बदलला आणि २०२२ साली कॅनडाच्या जेनिफर जोन्स साऱ्या रोटरीच्या अध्यक्ष झाल्या. चार पुरुषांनी खोलीत बसून क्लब काढला, त्याला तोपर्यंत ११७ वर्षे झाली होती.

दार आपोआप उघडले नाही, कोर्टात जाऊन उघडून घ्यावे लागले, हे आपल्या आयाबहिणींनी ध्यानात ठेवावे. आणि आपल्या पुरुष मंडळींनी आपल्या कार्यकारिणीची यादी काढून त्यात किती बाया आहेत तेही मोजावे.

दोन थेंब

आता विहाराच्या ओट्यावरच्या त्या टेबलाकडे येतो.

पोलिओचा विषाणू माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि घाण पाण्यातून, हातातून, दुसऱ्या मुलाच्या तोंडात जातो. २०० मुलांना लागण झाली तर साधारण एकाचे पाय लुळे पडतात. बाकीची मुले दिसायला ठणठणीत, पण विषाणू पसरवत राहतात. म्हणून एकट्या आपल्या पोराला डोस देऊन भागत नाही. एकाच वेळी सगळ्या वस्तीच्या, सगळ्या शहराच्या पोरांना द्यावा लागतो.

रोटरीने १९७९ साली फिलिपिन्स देशात हे काम हाती घेतले. पाच वर्षांत सुमारे ६० लाख मुलांना डोस द्यायचे ठरले. त्यातून आत्मविश्वास आला आणि १९८५ साली साऱ्या जगातून पोलिओ घालवायची मोहीम जाहीर झाली. १२ कोटी डॉलर जमवायचे ठरवले होते. १९८८ च्या अधिवेशनात हिशोब वाचला तेव्हा २४ कोटी ७० लाख जमले होते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने जगातून पोलिओ संपवण्याचा ठराव केला. तेव्हा वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुले पोलिओने लुळी पडत होती.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९९४ ला दिल्लीत सुरुवात झाली. ९ डिसेंबर १९९५ आणि २० जानेवारी १९९६ हे साऱ्या देशाचे पहिले दोन पल्स पोलिओ दिवस. पुढे एकेका फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना २० लाखांहून जास्त माणसांनी डोस पाजले. ही माणसे कोण? अंगणवाडी सेविका, आशाताई, परिचारिका, शाळामास्तर, वस्तीतली पोरं. आणि त्यात निम्म्याहून अधिक कामाचा भार बायकांनी उचलला, हे आपण डोळ्यांनी बघितले आहे. खांद्याला थंड डबा, हातात खडू. डोस घेतलेल्या पोराच्या डाव्या करंगळीला शाई. ज्या घरातली सगळी मुले झाली त्या दारावर इंग्रजी 'पी', राहिली असतील तर फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचे, पुन्हा समजूत घालायची. उत्तर प्रदेशात अफवा उठल्या, की ह्या थेंबांनी मुले नापीक होतील. लोक दार लावून घेत. तेव्हा रोटरीने उलेमांची समिती केली आणि मशिदीतून सांगायला लावले. ज्या वस्तीला शंका आहे, त्या वस्तीच्या विश्वासाचा माणूस पुढे आला तेव्हा दारे उघडली. बाहेरून आलेल्या साहेबाने कितीही सांगितले असते तरी ती उघडली नसती.

२००९ साली देशात ७४१ मुले पोलिओने आजारी पडली. २०१० साली ४२. आणि २०११ साली एक. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओ झाला. ती देशातली शेवटची. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह ११ देशांच्या आपल्या विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात मात्र २०२४ सालीही मुले पोलिओने लुळी पडत होती. म्हणजे काम पुरे झाले असे नाही.

ह्या मोहिमेत रोटरीने जगभरातून अडीच अब्ज डॉलरहून अधिक पैसा उभा केला. साडेसव्वीस डॉलरपासून इथवर. परंतु आपल्या देशातला मोठा खर्च भारत सरकारने स्वतः उचलला, म्हणजे तुमच्या-आमच्या कराच्या पैशातून झाला, हेही नमूद केले पाहिजे. शिकागोत जे झाले तेच येथे झाले. क्लबने विषय लावून धरला, लोक जमवले, रेटा लावला. आणि सरकारी यंत्रणा कामाला लागली. चाकाला चावी बसली ती अशी.

आणि एक गोष्ट. ज्या मुलांची पोटे घाण पाण्याने सारखी बिघडलेली असतात, त्यांना हे थेंब नीट लागू पडत नाहीत. उत्तर प्रदेश-बिहारातल्या पोरांना म्हणून पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागले. म्हणजे गाडी फिरून परत संडास आणि गटारावरच आली. थेंब पाजून एक रोग गेला. घाण पाण्याचे बाकीचे रोग आपल्या गल्लीत आहेतच.

सत्कार कोणाचा?

आता बक्षिसांविषयी. १९५७ पासून रोटरीत एक सन्मान आहे. निधीला १००० डॉलर दिले, की 'पॉल हॅरिस फेलो' म्हणतात. पदक आणि बिल्ला मिळतो. पैसे देऊन सन्मान मिळतो, हे मला प्रथम वाचले तेव्हा पटले नाही. अजूनही पुरते पटत नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी, की हे पैसे दुसऱ्याच्या नावानेही भरता येतात. पैसे एकाने भरायचे आणि सन्मान एखाद्या शिक्षिकेला किंवा परिचारिकेला द्यायचा, असेही होते. आपल्याकडचे क्लब पोस्टमन, सफाई कामगार अशा माणसांचा त्यांच्या कामाबद्दल सत्कारही करतात. तेवढे चांगले म्हटले पाहिजे.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आमच्या वस्तीतल्या एका मंडळाचा खजिनदार होतो. आम्ही गरीब मुलांना वह्यावाटप ठेवले. देणगीदारांचा सत्कार म्हणून ढाली केल्या, शाली आणल्या, स्टेज, लाऊडस्पीकर, हारतुरे. कार्यक्रम झोकात झाला. रात्री बिले जुळवायला बसलो, तर ढाली-हारतुऱ्यांचे बिल वह्यांच्या बिलापेक्षा मोठे निघाले. मी ते कोणालाच वाचून दाखवले नाही. वहीत लिहिले आणि वही ट्रंकेत ठेवली.

त्याच कार्यक्रमात आमच्याच चाळीतली एक बाई पाहुण्यांना पाणी देत होती. अंगणवाडीत मदतनीस. पोलिओच्या प्रत्येक फेरीला डबा घेऊन चार चार मजले चढायची. घरी आल्यावर आमच्या मंडळींनी मला विचारले, "तिला का नाही बोलावलंत वर?" मी म्हटलं, "तिनं वर्गणी कुठं दिलीय?" बोलून गेलो, आणि मग मला रात्रभर झोप लागली नाही. मी स्वतः आयुष्यभर ओरडत आलो, की मालक घाम बघत नाही, फक्त पैसा बघतो. आणि खजिनदाराच्या खुर्चीवर बसल्यावर मीही तेच केले.

पुढच्या वर्षी आम्ही तिला शाल देण्याचे ठरवले. ती म्हणाली, "भाऊ, शाल राहू द्या. हा डबा धरायला एखादं पोरगं द्या बरोबर." त्यानंतरच्या फेऱ्यांना मंडळाची दोन पोरं तिच्यासोबत गेली. जुन्या बिलांची वहीही मी ट्रंकेतून काढून सभेत वाचली. दोघेतिघे माझ्यावर रागावले. एक देणगीदार मंडळ सोडून गेला. पण ज्यांनी दहा-दहा रुपये दिले होते ते कोणी सोडून गेले नाहीत.

आपण काय घ्यावे

मोठ्या क्लबांच्या मोठ्या हॉटेलातल्या जेवणावळी आपल्याला परवडणार नाहीत आणि त्या नकोतही. पण चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, उरलेल्या पैशाचा हिशोब. रक्कम कितीही लहान असो, ती फळ्यावर लिहावी आणि पुढच्या कामाला लावावी.

दुसरी, खुर्ची एका वर्षाची. म्हणजे तरुणांना आणि बायकांना पाळी मिळते.

तिसरी, सत्कार हाताने काम करणाऱ्याचा आधी. आणि शालीपेक्षा त्याच्या हाताला मदत काय लागते, ते विचारावे.

चौथी आणि सर्वात महत्त्वाची. जे काम महापालिकेचे आहे त्यासाठी वर्गणी काढत बसू नये. गटार तुंबले, नळाला घाण पाणी आले, संडासाची दारे मोडली, तर सगळ्या वस्तीच्या सह्या घेऊन अर्ज करावा, पोच घ्यावी आणि पुन्हा पुन्हा जावे. शिकागोच्या पैसेवाल्या लोकांनासुद्धा दोन वर्षे रेटा लावावा लागला. आपल्याला थोडे जास्त दिवस लागतील, इतकेच.

आपल्या विहारामागच्या गल्लीतल्या सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. ह्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात तो प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर असेल. येताना प्रत्येकाने सही करावी, आयाबहिणींनी अगोदर करावी. सभेत जमाखर्च वाचला जाईल तेव्हा उठून जाऊ नये. तो ऐकावा, आणि काही चुकले असेल तर तिथेच विचारावे.

सर्वांना सप्रेम जयभीम.